खाकरून लावलेला दिवा

भाऊ कुठलाही दिवा लावण्याआधी खाकरायचे. घरातला असो, कारखान्यातला असो, नाहीतर मोरीतला. बोट बटणावर ठेवायचं, घसा साफ करायचा, क्षणभर थांबायचं आणि मग बटण दाबायचं. परक्या घरात शिरताना जुनी माणसं उंबऱ्यावर खाकरतात ना, अगदी तसं.

मी कंपनीत नवा होतो तेव्हा एकदा त्यांना कारण विचारलं. आम्ही स्टोअररूमच्या दारात उभे होतो.

"अरे, आत कोणी असलं तर त्याला कळायला नको?"

"स्टोअररूममध्ये कोण असणार, भाऊ?"

"पाल असेल, झुरळ असेल. अंधारात जो बसलाय त्याची ती जागा आहे. आपण जाऊन एकदम भक्कन उजेड करायचा म्हणजे काय? आधी वर्दी द्यावी माणसानं."

त्या वेळी मी हसलो. पुढे पाचसहा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या पिशव्या उचलल्या. आणि त्यांचं जे वाईट मी केलं ते इतक्या शांतपणे केलं, की कोणालाही, अगदी त्यांनाही, कळलं नाही. आज पन्नाशीच्या जवळ आलोय. त्यांच्याविषयी लिहायचं तर ते वगळून लिहिता येणार नाही. पण आधी भाऊ कसे होते ते सांगतो.

आमची कंपनी लहान. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत दोन गाळे, तीस-पस्तीस माणसं. आम्ही ट्यूबलाईटचे चोक बनवायचो. पट्टीच्या आत जो जड लोखंडी ठोकळा असतो आणि बिघडला की घूं करत राहतो, तो चोक. भाऊ टेस्टिंगला होते. मेगर नावाचं यंत्र असतं, त्याचा दांडा हाताने गरागरा फिरवला की चोकच्या पत्र्यात करंट उतरेल की नाही ते काटा सांगतो. काटा मनासारखा गेला की भाऊ बारीक ब्रशने त्या चोकवर एक हिरवा ठिपका द्यायचे. तो ठिपका म्हणजे त्यांची सही. ठिपक्याचा चोक करंट मारतो म्हणून परत आलाय, असं मी कधी पाहिलं नाही.

हा नोकरीचा भाग झाला. जीव होता तो माशांवरच्या उजेडात. नुसत्या माशांचे शौकीन पुष्कळ असतात. भाऊंना मासा कुठला हे दुय्यम, त्याच्यावर उजेड कसा पडतो हे आधी. घाटकोपरला टेकडीच्या बाजूच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दोन फुटांची काचेची टाकी, तिच्यावर भाऊंनी स्वतः रंधा मारून केलेलं लाकडी झाकण आणि झाकणाच्या आत एकच वीस वॅटची ट्यूब. तीही मधोमध नाही, पुढच्या काचेला लागून. "उजेड माशाच्या पाठीवर नको, गालावर पडला पाहिजे," असं ते म्हणायचे. आणि खरोखरच त्या टाकीतला साधा गप्पी दुसऱ्यांच्या महागड्या माशांपेक्षा देखणा दिसायचा.

त्या दिवसांत उपनगरात नवीन ब्लॉक होत होते, घरोघर कलर टीव्ही येत होते, आणि टीव्हीच्या शेजारी फिशटँक असला की घर पूर्ण झालं असं लोकांना वाटायचं. मासे विकणारा घाटकोपरचा एक दुकानदार गिऱ्हाइकाला टाकी, मासे, पंप सगळं विकायचा आणि शेवटी म्हणायचा, "लाईटचं मात्र आमच्या भाऊंना विचारा." मग रविवारी भाऊ निघायचे. मुलुंड, बोरिवली, मालाड, कुठेही. घ्यायचे काय, तर अर्धा कप चहा. बरोबर मी असायचो, कारण माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं आणि रविवार मला खायला उठायचा.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गेल्यावर आधी टाकीसमोर स्टूल टाकून दहा मिनिटं गप्प बसायचं, दिवा न लावता. घरातली माणसं एकमेकांकडे बघायची. मग पहिला प्रश्न, "तुम्ही झोपता कधी?"

बाई लाजायच्या, पुरुष घसा खाकरायचे. भाऊंना त्याचं काही नव्हतं. टाकीवरचा दिवा दिवसाला आठ तास, फार तर नऊ. आणि ते तास घरातल्या माणसांच्या तासांशी जुळले पाहिजेत, हा त्यांचा हिशोब. रात्री खोलीतला दिवा आधी घालवायचा नाही. आधी टाकीवरचा, मग दहा मिनिटांनी खोलीतला. सकाळी उलट. "माशाला पापणी नसते रे," ते मला म्हणाले होते. "आपण डोळे मिटून घेतो. त्याला नको असलं तरी बघावंच लागतं."

बोरिवलीचे एक बँकेतले साहेब आठवतात. त्यांनी टाकी गॅलरीच्या खिडकीत ठेवली होती आणि पाणी अळूच्या फतफत्यासारखं हिरवं झालं होतं.

"मुद्दाम खिडकीत ठेवली," साहेब म्हणाले. "नॅचरल लाईट भरपूर मिळावा म्हणून."

"मासे काय पापड आहेत वाळत घालायला?" भाऊ म्हणाले. "साहेब, शेवाळ म्हणजे पाणी तुम्हाला सांगतंय, बस्स झाला उजेड. ऐका की त्याचं."

साहेबांच्या पत्नीला लाल-निळे बल्ब हवे होते. "आमच्या वन्संकडे आहेत तसे. इतकं छान दिसतं!"

"त्यांच्याकडे काय वर्षभर गणपती असतो?"

साहेब मोठ्याने हसले. बाईंनी कपबश्या जरा आपटूनच उचलल्या. भाऊंनी तिकडे लक्ष न देता मला खूण केली. माझं काम एकच होतं. टाकी आतल्या भिंतीशी आणून पाणी बदललं, ट्यूब बसवली, की मी टाकीच्या मागे वर्तमानपत्र धरायचो आणि भाऊ पुढच्या काचेतून बघायचे. मथळा वाचता आला पाहिजे, खालची बातमी वाचता येता कामा नये. बातमी वाचता आली की ट्यूब वर घ्यायची, नाहीतर पाण्यावर तरंगणारी पानं सोडायची. मथळाही दिसला नाही की ट्यूब खाली. असं चार-पाच वेळा वर-खाली व्हायचं. माझे हात भरून यायचे.

"भाऊ, बातमीसुद्धा दिसली तर काय बिघडलं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आत काय चाललंय ते कळावं. सगळंच कळायला नको. तुझ्या घरात कोणी एवढा उजेड टाकून बघितलं तर चालेल तुला?"

निघताना साहेबांच्या पत्नीने भाऊंना आपणहून दुसरा अर्धा कप आणून दिला. टाकीतले एंजल मासे कोपरा सोडून पुढे आले होते.

बल्बचा त्यांना राग होता. तेव्हा बरेच लोक स्वस्त पडतं म्हणून झाकणात साठाचा नाहीतर शंभराचा बल्ब लावायचे. भाऊ म्हणायचे, "बल्ब म्हणजे शेगडी. धंदा उष्णतेचा, उजेड वर फुकट." कोरी ट्यूबही त्यांना चालायची नाही. आमच्या टेस्टिंगच्या घोडीवर, म्हणजे स्टँडवर, महिनाभर जळलेली ट्यूब ते निवडायचे. "नव्या ट्यूबला माज असतो. जरा निवली की माणसात येते." घरी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे ऐकून म्हणायच्या, "माका आणलात तेव्हा बरा महिनाभर थांबाक जमला नाय." भाऊ लाल व्हायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. टाकीला रोज शुभरात्र म्हटल्यासारखं तिचा दिवा घालवून ते दोघं झोपायचे.

हे सगळं मला माहीत होतं. बल्ब म्हणजे शेगडी हे वाक्य मी निदान वीस घरांत ऐकलं होतं. म्हणून पुढचं लिहिताना मला 'ठाऊक नव्हतं' असं म्हणायची सोय नाही.

आमच्या शेठनी ऑफिसात तीन फुटांची टाकी आणवली. परदेशातून एक पाहुणा येणार होता, मोठी ऑर्डर मिळण्याची शक्यता होती, आणि रिसेप्शनला काहीतरी शोभा हवी होती. टाकीचं काम भाऊंकडे आलं. त्यांनी पंधरा दिवस नुसतं पाणगवत लावून ठेवलं आणि मासे सोडलेच नाहीत. मग बारा एंजल आले, त्यातले चार त्यांच्या घरच्या टाकीत वाढलेले. झाकणाच्या आत आमच्याच कंपनीचा, भाऊंच्याच ठिपक्याचा चोक आणि एक ट्यूब.

शेठ येऊन बघून गेले.

"अरे, लाईटच्या कंपनीत एवढा मिणमिणता उजेड? आपण चोक बनवतो का निरांजन?"

"शेठ, एवढ्यातच मासे रंग दाखवतात," भाऊ म्हणाले. "जास्त केला की फिके पडतात, कोपरा धरतात."

"पाहुणा दारातून आला की झगझगलं पाहिजे. कलर टीव्हीसारखं."

"मग पाहुण्याला टीव्हीच दाखवा ना."

शेठ हसले, ते वाईट माणूस नव्हते. जाताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू बघ रे जरा."

मी तेव्हा सुपरवायझर होतो आणि वर्क्स इनचार्जची जागा मला द्यायचं शेठनी तोंडी कबूल केलं होतं. 'तू बघ रे जरा' या शब्दांचं मला ओझं झालं आणि थोडी गुदगुल्याही झाल्या, हेही कबूल करतो.

मे महिन्यातला शनिवार होता. सोमवारी पाहुणा यायचा होता, पण शेठ दुपारी जाताना म्हणाले होते, "विमान वेळेत आलं तर कदाचित उद्याच एअरपोर्टवरून त्याला घेऊन चक्कर मारीन. माझ्याकडे चावी आहे. टाकी चालू ठेव." संध्याकाळी सगळे गेल्यावर मी झाकण उघडून आत दोन होल्डर वायरने बांधले आणि शंभराचे दोन बल्ब लावले. टाकी खरंच झगझगली. मासे मागच्या गवतात शिरले, पण मी म्हटलं, येतील बाहेर. झाकण बंद केलं, खिडक्या लावल्या, कुलूप घातलं आणि मालाडला घरी गेलो. रविवारी मी पिक्चर बघितला. टाकीची आठवण एकदाही आली नाही.

शेठ रविवारी आलेच नाहीत.

सोमवारी सातच्या सुमारास मी कुलूप उघडलं तेव्हा खोली शेगडीजवळ बसावं तशी तापली होती. पाण्यात हात घातला, आंघोळीच्या पाण्याइतकं गरम. बाराच्या बारा एंजल वर आडवे तरंगत होते. पाणगवत शिजल्यासारखं काळं पडलं होतं.

त्या पुढच्या अर्ध्या तासात मी जे केलं ते हातांनी केलं, डोकं बंद होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. डोकं फार व्यवस्थित चाललं होतं. मी बल्ब काढले, वायरी सोडवल्या आणि सगळं माझ्या डब्याच्या पिशवीत घातलं. स्क्रू मारले नव्हते, त्यामुळे लाकडाला खूण नव्हती. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. मग टाकीतलं पाणी चार बादल्या काढलं आणि पिंपातलं चार बादल्या गार पाणी ओतलं. पुन्हा काढलं, पुन्हा ओतलं. आठ वाजता भाऊ आले तेव्हा मी हात पुसून टाकीसमोर तोंड पाडून उभा होतो.

भाऊंनी शर्टाची बाही वर केली आणि आई बाळाच्या पाण्यात घालते तसं कोपर पाण्यात घातलं.

"पाणी तर गार आहे," ते म्हणाले.

"हो ना."

"पंप?"

"चालूच होता."

ते स्टुलावर बसले. नेहमीसारखे दहा मिनिटं गप्प. मग उठून त्यांनी झाकणातला चोक सोडवला, टेबलावर नेला आणि मेगरचा दांडा फिरवला. काटा ठीक होता. पुन्हा फिरवला. दहा-बारा वेळा फिरवला असेल. मग ओल्या फडक्यात चोक गुंडाळून फिरवला, तरी काटा तसाच. शेवटी चोक खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"आता कळत नाहीये. तेव्हा वाफेने आत ओल धरली असणार. करंट उतरला रे पाण्यात."

मी म्हणालो, "असेल."

हा एक शब्द. त्या क्षणापर्यंत मी फक्त मासे मारले होते.

शेठनी फारसं मनावर घेतलं नाही. "काय भाऊ, एवढे एक्स्पर्ट तुम्ही," म्हणाले, टाकी उचलून मागे ठेवायला लावली आणि तिथे फुलदाणी आली. पाहुणा आला, ऑर्डर मिळाली. कोणी भाऊंना बोल लावला नाही. त्यामुळे मला वाटलं, झालं, मिटलं.

शनिवारी भाऊ माझ्या टेबलाशी आले. "उद्या मोकळा आहेस का? फिरायचंय."

"नवी टाकी?"

"जुन्या. सगळ्या."

मला कळेना. ते आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, मासे होते म्हणून माशांवर निभावलं. त्या घरांत पोरं आहेत. पाण्यात हात घालतात. सगळीकडे माझाच ठिपका आहे."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या एका मिनिटात सांगितलं असतं तर भाऊ चिडले असते, दोन महिने बोलले नसते, आणि प्रकरण संपलं असतं. मी म्हणालो, "किती वाजता निघायचं?"

पाच रविवार लागले. एकेका घरी जाऊन भाऊंनी आपल्या हाताने लावलेले दिवे आपल्या हाताने उतरवले. पिशवी माझ्या खांद्यावर. दर घरागणिक ती जड होत जायची. चोकला वजन असतं. लोक विचारायचे, काय झालं, चांगलं चाललंय की. भाऊ एकच सांगायचे, "माझी चूक झाली होती. तुम्ही दुसऱ्या कोणाला दाखवा."

मुलुंडला निवृत्त शाळामास्तर होते. त्यांची नात, सात-आठ वर्षांची, टाकीसमोर हात पसरून उभी राहिली.

"दिवा नाही न्यायचा! माझे मासे घाबरतील अंधारात."

"अंधाराला मासे घाबरत नाहीत, बाळा," भाऊ म्हणाले. "तू फक्त पाण्यात हात घालू नकोस. कधी घातला होतास?"

"रोज घालते."

"आणि काही झालं?"

"गुदगुल्या होतात. मासे चावतात ना."

मास्तर हसले. भाऊंनी खाली वाकून तिचा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. मग झपाझप स्क्रू सोडवायला लागले. स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तो मी घेतला आणि स्क्रू मी सोडवले. जो चोक निर्दोष आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, तो मी सोडवून पिशवीत टाकला.

त्यानंतर भाऊंनी शेठना सांगून टेस्टिंग सोडलं. "मला पॅकिंगला द्या. माझ्या हाताने आता ठिपका द्यायला नको." पॅकिंगला ते खोक्यांना सुतळी बांधायचे. टेस्टिंगच्या टेबलासमोरून जावं लागू नये म्हणून मागच्या दाराने यायचे. सकाळी शेडचे दिवे लावायचं काम इतकी वर्षं त्यांचं होतं, तेही बंद झालं. आता कोणीतरी येऊन सगळी बटणं एका हाताने खालीवर करायचा आणि शेड एकदम भक्कन पेटायची. खाकरणं पुन्हा ऐकू आलं नाही. दिवाळीत मी वर्क्स इनचार्ज झालो. भाऊंनी पेढा घेतला आणि म्हणाले, "चांगलं झालं. तू मन लावून करतोस." वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली.

पुढची तीन वर्षं मी घाटकोपरच्या बाजूला फिरकलो नाही. लग्न झालं, मुलगी झाली. बसने जाताना त्यांचा स्टॉप आला की मी दुसऱ्या खिडकीतून बघायचो. मला पापण्या होत्या, मी त्यांचा उपयोग केला.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा माझ्या मेव्हण्याने तिला वाढदिवसाला टाकी दिली. दीड फुटाची, चार सोनमासे. बायको म्हणाली, "यावर दिवा कुठला लावायचा हो? तुम्ही तर यातलेच." मी दुकानात गेलो, एक बल्ब घेतला, परत केला. ट्यूब घेतली, चोक हातात घेतला, त्यावर ठिपका नव्हता. आठ दिवस टाकी अंधारात होती. मला विचारायला जगात एकच माणूस होता.

एका रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी तीन जिने चढलो. दार वहिनींनी उघडलं. "अगो बाई! किती वर्षांनी! अहो, कोण इलो बघा." भाऊ आतून आले. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, आणि तो मला बघवेना. बाहेरच्या खोलीत टाकीच्या जागी शिवणयंत्र होतं.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. भाऊंनी घरचं, मुलीचं सगळं विचारलं. मी टाकीचं सांगितलं.

"मला नको विचारूस रे," ते म्हणाले. "माझा त्यातला अंदाज गेलाय. तुझ्या घरात लहान पोर आहे. चांगल्या वायरमनला विचार."

"भाऊ, तो चोक चांगला होता."

"कुठला?"

"ऑफिसचा. करंट उतरलाच नव्हता. मी झाकणात बल्ब लावले होते."

वहिनी चहा घेऊन आल्या, कप माझ्यासमोर ठेवून बाजूला बसल्या.

"किती वॅट?" भाऊंनी विचारलं.

"शंभराचे दोन."

"झाकण?"

"बंद होतं. खिडक्यासुद्धा."

"कधीपासून?"

"शनिवारी संध्याकाळी सातपासून. सोमवारी सकाळी सातपर्यंत."

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "छत्तीस तास. मे महिना." मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं. गणित सुटत असल्यासारखे ते पुढे झुकले. "मग पाणी चाळीस डिग्रीच्या वर गेलं असेल. गवत काळं पडलं होतं ना? तरीच! करंटने गवत कसं काळं पडेल? मी तेव्हा म्हणत होतो मनात, गवत का..." आणि मध्येच थांबले. "पण मी कोपर घातलं तेव्हा पाणी गार होतं."

"मी बदललं होतं. तुम्ही यायच्या आधी. पिंपातलं ओतलं."

ते मागे टेकले. चेहऱ्यावरचं सगळं पुन्हा विझलं.

"माझ्या हाताला फसवलंस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मासे मेले ते मेले. मी हात घातला होता रे."

वहिनी उठल्या. त्यांनी माझ्यासमोरचा कप उचलला. मी त्याला हात लावला नव्हता. तो त्यांनी आत नेऊन मोरीत ओतला. ओतल्याचा आवाज मला ऐकू आला. मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चार वर्षां झाली," त्या म्हणाल्या. "ह्यो माणूस घरातलो दिवो लावच्या आधी माका इचारता. बटणार बोट ठेवतत आणि इचारतत, लावू काय गो? रोज. माझ्याच घरात माका रडाक येता."

"गो, रवांदे," भाऊ म्हणाले.

"कित्याक रवांदे? ह्येच्याबरोबर पाच आयतवार फिरलात तुमी. पिशवी ह्येच्याच खांद्यार होती."

मी उठलो. क्षमा मागितली की नाही ते मला आठवत नाही. मागितली असली तरी त्या खोलीत ती ठेवायला जागा नव्हती. भाऊ खाली बघत उजवा हात डाव्या हाताने चोळत होते, कोपरापासून मनगटापर्यंत. दाराशी चपला घालताना मी वळून पाहिलं तेव्हाही ते तसेच बसले होते.

बाहेर दिवेलागण झाली होती. त्या इमारतीच्या जिन्याला खिडकी नव्हती आणि जिन्यातल्या दिव्याचं बटण तिसऱ्या मजल्यावर, भाऊंच्या दाराबाहेर होतं. ते लावायचा मला धीर झाला नाही. मी भिंत चाचपत चार-पाच पायऱ्या उतरलो. पुढची पायरी सापडेना, म्हणून पाय तसाच धरून उभा राहिलो.

वर दाराची कडी वाजली. पावलं बाहेर आली आणि थांबली. मी जागच्या जागी होतो. वहिनींना काही विचारल्याचं ऐकू आलं नाही.

कोणीतरी खाकरलं. मग क्षणभर काहीच नाही.

मग जिन्यातला दिवा लागला, आणि पायाखालची पायरी मला दिसली.